गिरणीतल्या उड्या

नाय, कुलूप नाय ते, नुसती कडी आहे. जानकी लांब गेली की कुलूप लावते, जवळपास असली की कडी — आता कडी आहे म्हणजे गिरणीत असणार, आणि गिरणीत आहे म्हणजे बॅच सुटल्याशिवाय काय ती येत नाय. तुमी या, इकडं आमच्या ओटीवर बसा. बंद दारासमोर उभं राहिलं की येणारा-जाणारा विचारतो, कोण पायजे, कुठून आलात — आमच्या आळीत लोक फार चौकस. पाणी घ्या. मी आपली वाल सोलत बसलेय, उद्या बिरडं करायचं, मोड बघा कसे आलेत. कुठल्या तुमी? मुरबाडच्या? अस्सं. म्हणजे किन्हवलीवरून जीपने आलात — मग कंबरेचं काय खरं नाय. आणि जानकीच्या कोण लागता? ओळखीच्या. बरं. ओळखीच्या.

ताई, एक बोलू? राग मानू नका. जीपमधून उतरलेली तहानलेली बाई तांब्या रिकामा करते. तुमी दोन घोट घेतलेत आणि आधी जानकीच्या पत्र्यांकडं बघितलंत, मग मोरीकडं, मग दोरीवर वाळत घातलेल्या त्या काळ्या पँटीकडं. अशी बाई चौकशीला आलेली असते. लाजता कशाला, मी पण गेलेय की — आमच्या अक्षयच्या वेळी मी आणि माझी नणंद, बैल बघायला आलोय असं सांगून पूजाच्या शेजाऱ्यांकडं बसलो होतो. दोन बायका आणि बैल बघायला. त्यांनी पण ओळखलंच असणार, पण चहा पाजला आणि सगळं सांगितलं. शेजारी सांगतो तेच खरं, घरचे काय, घरचे आपल्या मुलीला साखरेत घोळवूनच देणार. तर कोण तुमी? मुलाच्या आत्या. बघा, बोलले ना मी. संदेश — चांगलं नाव आहे. इलेक्ट्रिकचं दुकान, मुरबाडला, नाक्यावरच? छान. म्हणजे जानकीच्या भूमिकाला बघून गेलात तुमी? दोनदा? कधी? नाय, मी तर इथंच असते, मी कशी नाय बघितलं… अच्छा, तिच्या मामाकडं बघितलंत, वाशिंदला. आणि रविवारी सुपारी.

ह्या रविवारी?

नाय, नाय, मला माहीत होतं. म्हणजे कानावर होतं थोडं. रविवार आहे ते ध्यानात नव्हतं. आमच्यात सुपारी फुटेपर्यंत बाहेर बोलत नाहीत ना, कोणी मधेच काडी घालील म्हणून — बरोबरच आहे ते, घालतात लोक काडी, लोकांचं काय सांगावं. पण माझ्यापासून? आमच्या दोघींचं परस एक आहे ताई, मधे कुंपण नाय, तिची कोंबडी माझ्या परसात अंडं घालते आणि मी नेऊन देते. एकाच उन्हाळ्यात लग्न होऊन आलो आमी दोघी. भूमिका झाली तेव्हा जानकीची सासू आजारी, त्या पोरीला पहिली अंघोळ ह्या हातांनी घातलीये मी. आणि मला रविवार तुमच्या तोंडून कळतो. मी काय काडी घालणारी आहे? तुमीच सांगा, तशी वाटते मी?

नका हो हात लावू वालांना, पाहुण्या तुमी — बरं लावा, दोघींनी केलं की लवकर होतं. असं दाबायचं, साल सुटतं. येतं तुमाला. तर विचारा काय विचारायचंय ते, मी खरं तेच सांगणार, लपवाछपवी मला जमत नाय. मुलगी चांगली आहे. वाईट बोलेल त्याची जीभ झडेल. कामाला वाघीण, तोंडाने गोड, घरात पण सगळं येतं तिला, भाकरी तर अशी पातळ करते की पलीकडचं दिसावं. बाप सोमा, कंपनीत शिफ्टला जातो, देवमाणूस, त्याच्याकडून तर चांगलंच आलंय तिच्यात. पण —

नाय, पण असं काय नाय. ते ऐकू येतंय ना? धाड धाड धाड? ते काय लग्नाचा बँडबाजा नाय, ती तुमची होणारी सून आहे. रामूभाऊची भातगिरण होती तिकडं, वडाच्या पलीकडं, ती बंद पडली कधीच, तो मोठा पत्र्याचा हॉल नुसता उंदरांना दिलेला होता. ही भूमिका कल्याणला एका जिममध्ये कामाला होती, आधी काउंटरवर, मग तिथलंच शिकली, परीक्षा दिली, सर्टिफिकेट आणलंन, आणि लॉकडाऊनमध्ये घरी आली ती परत गेलीच नाय. गिरण झाडून घेतलीन आणि क्लास काढलान. आमाला वाटलं योगासनं असतील, डोळे मिटून बसायचं. कसलं काय. मोठ्याने गाणी लावायची आणि शिटी वाजली की उड्या. शिटी वाजली की खाली बसून उठायचं. मग एक आहे, बरपी बोलतात त्याला — आधी जमिनीवर पालथं पडायचं, मग उठायचं, मग उडी मारून डोक्यावर टाळी वाजवायची, की परत पालथं. जेवढा वेळ शिटी नाय तेवढा वेळ हेच, आणि मधे दम खायला मिळतो तो इतकासा, घाम पुसेपर्यंत संपतो. भाताचा अख्खा आवण आमी कमरेतून वाकून लावतो, चिखलात, तेव्हा कोणी टाळ्या नाय वाजवत. आणि त्याच बायका संध्याकाळी फी भरून वाकायला जातात. मी बोलले सकुबाईला, गो, माझ्या शेतात ये, मी फुकट वाकवते तुला. तर हसली आणि गेली क्लासला.

सकुबाई म्हणजे त्या कोपऱ्यावरच्या घरातली. माझ्यापेक्षा मोठी, नातू दहावीला आहे तिचा. तुमाला सांगते, ही ओटी आता अशी ओकी दिसते ना, ही कधी अशी नसायची. ह्या वेळेला इथं पाय ठेवायला जागा नसायची. ज्याच्या त्याच्या मांडीवर आपापलं ताट — कोणी वाल सोलतंय, कोणी तांदूळ निवडतंय, कोणी नुसतीच बसलीये. आळीत कोणाचं काय दुखतं, कोणाची पाळी चुकली, कोणाच्या सासूला रात्री झोप नाय, कोणाचं पोट कापलं आणि टाके कसे आहेत, सगळं आधी इथं यायचं. डॉक्टरच्या आधी इथं यायचं. मी काय औषध देणार, मी सातवी शिकलेली, पण ऐकून घ्यायचे, सांगायचे, अमकीला पण असंच झालेलं, मग काय झालं, मग बरं झालं. आता तेच सगळं तिकडं जातं. पहिल्या दिवशी ती प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, ऑपरेशन झालंय का, बाळंतपण कधीचं, बीपी आहे का, चक्कर येते का. आणि बायका सांगतात हो. मला कधी नाय सांगितलं ते पण सांगतात. त्या नम्रताचं तीन महिन्यांचं पडलेलं, आमाला कोणालाच ठाऊक नव्हतं, हिला ठाऊक. आणि ही कोणाला सांगत नाय. मी विचारून बघितलं, सहज, की गो भूमिका, नम्रताला उड्या मारायला का नाय देत तू — तर बोलते, काकी, ते तिचं आणि माझं. तिचं आणि माझं. माझ्या हातची पहिली अंघोळ झालेली पोर, मला बोलते तिचं आणि माझं.

मग मला कसं कळलं नम्रताचं? ते… कळलं. आळी आहे.

आणि आमची पूजा — सून. चांगली आहे हो ती पण, बैल बघायला जाऊन आणलेली. पण मी तिला बोलले, पूजा, जरा पाणी आण, तर आतून आवाज येतो, आई, पाच मिनटं. आणि तीच पूजा, तिकडं शिटी वाजली की जमिनीवर पालथी. एका शिटीला. सासू मी आहे की ती आहे? घरी येते ती पण तिचंच बोलत — भूमिकाताई असं बोलली, भूमिकाताई बोलली तेल कमी करा, भूमिकाताई बोलली आईंचा गुडघा दाखवून घ्या. भूमिकाताई. तिच्याहून एका वर्षाने मोठी आहे पूजा, आणि ताई बोलते. अक्षयने बायकोला एवढे महागाचे बूट आणून दिले. मला कधी बूट आणले त्याने? मला नको आहेत, मी काय करू बूट घेऊन. पण आणले नाहीत हे खरं.

कपडे? आता कपड्यांचं तुमीच बघितलंत दोरीवर. अंगाला चिकटलेले. वरून ढगळ टी-शर्ट असतो म्हणा, पण खाली ते तसं. नाय, आमी काय बोलत नाय, आजकाल सगळ्याच मुली घालतात. पण सून म्हणून तुमाला चालणार का ते बघा. आणि पुरुषांची पण बॅच आहे हो, पहाटेची. फॅक्टरीत जाणारी पोरं, दोन मास्तर, तो बँकेतला. ती एकटी, आणि ते सगळे. शिटी वाजवून त्यांना पण उड्या मारायला लावते. वाकडं काय नाय त्यात, दार सताड उघडं असतं, मी बघते ना — म्हणजे बघत नाय, भाजीला जाते तेव्हा त्याच वाटेने जावं लागतं, जाळीतून दिसतं. हो, बाजार स्टेशनकडं आहे. पण इकडून सावली असते. पहाटे कसली सावली म्हणता… बरं, ते जाऊ द्या. आणि मंगळवार-शुक्रवार तुमच्या मुरबाडला जाते, स्कूटीवर, तिथं पण एका हॉलमध्ये क्लास घेते. तुमाला ठाऊकच असेल. तिथंच बघितलं संदेशने तिला? अच्छा, हॉलच्या पंख्यांची वायर जोडायला गेला होता. हां. म्हणजे त्याने तिला शिटी वाजवताना बघितलं आणि आवडली. तेच मी बोलते, शिटी वाजवताना लोकांना आवडते ती. मग रात्री अंधारात त्या रस्त्याने एकटी परत. जानकीचा डोळा रस्त्याला लागलेला असतो. माझा पण. स्कूटीचा आवाज आल्याशिवाय मी पण दिवा बंद करत नाय — म्हणजे झोप लागत नाय मला तशीही.

काय बोलत होते मी… हां. जानकी. जानकी आधी अशी नव्हती. साखर, बीपी, जिना चढली की धाप, अर्ध्या वाटेत बसायची, मला हाक मारायची, कुंदा, जरा पिशवी घे. मी घ्यायचे. आता स्वतः भरलेली पिशवी घेऊन पुढं चालते, आणि मी मागं. ब्लाउज सगळे आटवून घेतलेत. मुलीच्या क्लासात पहिल्या रांगेत. मी नाय जळत हो कोणावर, कोणाचं बरं झालं तर मला आनंदच आहे. पण पिशवी घ्यायला बोलवायची ती मला, एवढंच.

गेले होते ना. मी पण गेले होते. नाय कशी, सगळी आळी जाते आणि मी नाय? साडीवर पूजाचा ट्रॅकसूटचा कोट घातला आणि गेले. तुमाला वाटेल ती पुढं उभी राहून शिकवत असेल — नाय. एकदा करून दाखवते, मग रांगांच्या मागून फिरते. कोणाची पाठ वाकली, कोणाचा गुडघा आत पडला, मागूनच दिसतं बोलते. हात लावत नाय, नाव घेते फक्त. सकुबाई, टाच खाली. पूजा, दम कोंडू नको, सोड. आणि नाव घेतलं की ती बाई अशी ताठ होते, जसं काय बक्षीस मिळालं. मी वाट बघत होते माझं नाव कधी येतं. आणि ती आली, माझ्या शेजारी उकिडवी बसली, माझा गुडघा बघितलान, आणि सगळ्यांसमोर बोलली, काकी, तुमी उड्या नाय मारायच्या. खुर्ची आणते. आणि कोपऱ्यातली प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्या मागं ठेवलीन. बसा आणि उठा बोलली, हात न टेकता, हळू. आता सांगा. सकुबाई माझ्याहून मोठी, तिला उडी, आणि मला खुर्ची. सगळ्या बायका हवेत आणि मी बसा-उठा, जशी काय पंगतीत वाढपी माझ्याकडं येतच नाय. त्या दिवसापासून पाय नाय ठेवला मी गिरणीत. ती आली होती दोनदा बोलवायला. काकी, राग आला का. मी बोलले, छे, मला वेळ कुठं आहे.

गुडघा? बरा आहे आता. अगदी बरा नाय, पण जिना उतरते. कसा म्हणजे असाच. तेल लावते. तेलाने काय होणार म्हणा… थांबा, थांबा जरा. ऐका.

…ऐकलंत ना, काय ओरडली ते? 'खुर्चीवाल्यांनी घाई नाय करायची, टाच दाबा, मग उठा.' अगदी इथपर्यंत येतो आवाज, माईक नाय काय नाय, गळाच तसा आहे तिचा. हे रोज ओरडते. प्रत्येक राऊंडला. मधे पूजा मला बोलली, आई, क्लासमध्ये खुर्चीवर कोणीच नसतं. ती खुर्ची तर पंख्याखाली उलटी पडलेली असते. मग ताई कोणाला ओरडते? मी बोलले, मला काय ठाऊक. असेल कोणी.

पाय? कुठं हलतोय पाय? मुंगी चढली. नाय हो, टाच कशाला दाबीन मी. बसल्या बसल्या होतं ते आपोआप. बरं बाई, एवढं बघताय तर सांगते, घरात तर मीच असते ह्या वेळेला, कोणी नसतं बघायला, ओट्याला एक हात लावून ठेवते आणि करते थोडं. स्टूल आहे आमचं लाकडी. ती ओरडते त्याच्या तालावर. तुमी आलात म्हणून आज खंड पडला. हे जानकीला बोलू नका. हे सोडून बाकी सगळं बोला.

तर तुमचं कसं काय मत झालं? म्हणजे मी सांगितलं ते कपड्यांचं, रात्रीचं, पुरुषांच्या बॅचचं — तुमाला चालणार असेल तर आमचं काय म्हणणं नाय. काय? नाय, नीट ऐकू नाय आलं. त्या गाण्याच्या आवाजात — काय बोललात? क्लास तर बंदच होणार?

कोण बोललं बंद?

जानकी बोलली. लग्नानंतर बंद, मुरबाडचा पण बंद. दुकानात बसायला माणूस पायजे तुमाला. हां. हां, ते पण बरोबर आहे. दुकानात बसून राहायचं, सावलीत, उड्या नायत काय नायत. आणि जानकी हो बोलली. मामाकडंच बोलणं झालं. म्हणजे मी जे जे सांगितलं त्याचा तुमाला काय त्रासच नाय, कारण ते सगळं संपणारच आहे. आणि तुमी आता घरी जाऊन सांगणार, की शेजारीण पण असंच बोलत होती, कपडे असे, रात्र अशी, बंद केलेलंच बरं. माझं नाव पुढं करून. असंच ना? नाय, तुमचं काय चुकलं, बोलले मीच आहे.

बरंच झालं मग. एका अर्थी बरंच झालं. नाय, खरंच बोलते. गिरण बंद झाली की जातील कुठं बायका, येतील इथंच. सकुबाई येईल तिचं ताट घेऊन. पूजा पाणी देईल पहिल्या हाकेला. जानकीला परत धाप लागेल — नाय, तसं नाय बोलायचं मला. पण येईल बसायला. नम्रता येईल. कोणाचं काय दुखतं ते सगळं परत… आणि ह्या वेळेला इतका आवाज नसेल. शांत असेल. असं बोलता येईल, ऐकू येईल एकमेकींचं.

दुधाचा चहा ठेवते थांबा. नको? बरं.

ताई, भूमिकाला सांगितलंय का हे? नाय, जानकीला ठाऊक आहे ते कळलं मला. मुलीला. तिला सांगितलंय का, की तू हो बोललीस म्हणजे क्लास बंद? सुपारी झाली की आई समजावेल. असं ठरलंय. संदेशने? तो काय बोलला? तो घरच्यांच्या बाहेर नाय. हां.

नाय, मी एवढ्यासाठी विचारते, की परवा तो टेम्पो आला होता. नवीन मॅटा घेऊन, काळ्या रबराच्या, जाड. मी इथंच बसले होते. भूमिका स्वतः उतरवून घेत होती, एकेक गुंडाळी खांद्यावर, सोमा मदतीला जातोय तर बोलली, बाबा, तुमी राहू द्या. आणि तो वाल्मिक पेंटर, त्याने मलाच विचारलं, काकी, गिरणीची रस्त्याकडची भिंत कोणती, तिच्यावर नाव लिहायचंय मोठं, सोमवारी. सोमवारी. म्हणजे तुमची सुपारी रविवारी आणि पेंटर सोमवारी. रामूभाऊशी तिने कागद केलाय पाच वर्षांचा, गिरणीचा, त्याची बायकोच मला बोलली. ज्या मुलीला ठाऊक आहे की क्लास बंद होणार, ती पाच वर्षांचा कागद करते का हो? तुमीच सांगा. तिला ह्यातलं काय ठाऊक नाय. तुमाला ठाऊक, जानकीला ठाऊक, त्या मामाला ठाऊक, आता मला पण ठाऊक. फक्त तिला नाय.

तोंड नका फिरवू ताई. मी चांगल्यासाठीच बोलते. तुमच्या चांगल्यासाठी. मी तिला अंघोळ घातलीये, मला ठाऊक आहे ती कशी आहे. ती ऐकून घेईल शांतपणे, आईला उलटून एक शब्द बोलणार नाय, आणि मंडप अर्धा उभा असताना बोलेल, नाय. चार माणसांत बोलेल. तुमच्या भावाची मान खाली जाईल. आणि समजा, समजा ती नाय बोलली तसं, आईच्या तोंडाकडं बघून गप बसली, तर काय न्याल तुमी? दुकानात बसायला गप बसलेली मुलगी पायजे तर ती मुरबाडमध्ये पण भेटेल, त्याच्यासाठी किन्हवलीचा घाट-खड्डे कशाला. संदेशला जी आवडली ती शिटीवाली आवडली. ती शिटी तुमी घरी आल्या आल्या काढून घेणार, मग राहिलं काय? मग तो पण बोलेल, ही ती नव्हे.

हो, थोडं आधी मीच बोलत होते. कपडे बोलले, रात्र बोलले. कपडे अंगभर असतात ताई, गळ्यापासून घोट्यापर्यंत, तुमच्या-माझ्या पोटाएवढं पण तिचं दिसत नाय. आणि पहाटेच्या बॅचला ते दोन मास्तर तिच्या बापाच्या वयाचे आहेत, येता-जाता बेटा बोलतात. रात्रीचं म्हणाल तर किन्हवलीपासूनचा प्रत्येक टपरीवाला तिला ओळखतो. हे पण सांगा घरी. आधीचं सांगणार असाल तर हे पण सांगा, नायतर काहीच नका सांगू.

मला काय मिळणार? हे विचारलंत ते बरोबर विचारलंत. काय नाय मिळणार. क्लास चालू राहिला तर ही ओटी अशीच ओकी राहणार, आणि मी अशीच एकटी वाल सोलत बसणार, आणि त्या सगळ्या तिकडं तिच्या तालावर उड्या मारत असणार, आणि मला त्यांचं बघून इथं असं — इथं — काहीतरी होतंच, नाय कशाला बोलू. होतं. पण ते माझं माझ्या आळीत आहे. मी तिच्यावर चिडेन, तिला नावं ठेवीन, तिच्या क्लासला शिव्या घालीन, माझा हक्क आहे. तुमी दोनदा बघून गेलात मामाकडं. एवढ्यावर तुमी बंद करणार? आमी मंगळवार-शुक्रवार देतो तुमाला. दिलाय ना मुरबाडला आमी आठवड्यातून दोनदा? तेवढं पुरे. बाकीची इथं राहू द्या.

मग मी काडी घातली असं समजा. हो, तेच. लोक घालतात ना, तशी मी घातली. जानकी तेवढ्यासाठीच बोलली नव्हती मला, ओळखून होती बघा. तुमी असं करा, रविवारी यायच्या आधी मुलीला समोर बसवून विचारा. आईला नाय, मामाला नाय. मुलीला. क्लास चालू ठेवून नेणार असाल तर मी स्वतः सुपारीच्या ताटाला हात लावीन, गाणी बोलीन. नायतर नका येऊ. आणि तुमी नाय विचारलंत तर बॅच सुटली की मीच विचारणार आहे तिला.

उठलात? बरं. शेवटची जीप भरली की सुटते, टाइमाची वाट बघत नाय, निघालेलंच बरं. डाव्या हाताला वळा, उजवीकडं गिरण लागते, तिकडून नका जाऊ, आता सगळ्या बाहेर पडतील. आणि भावाने विचारलं, कोण बोललं, तर कुंदा बोलली म्हणून सांगा. शेजारची कुंदा. जानकीला… जानकीला पण सांगा. नाव घेऊनच सांगा. ती बोलणार नाय माझ्याशी काही दिवस. जास्त पण नाय बोलणार कदाचित. ठाऊक आहे मला.

ती नका घालू ताई. ती चप्पल माझी आहे. तुमची ती, पलीकडची.